एका ठिपक्यात किती खोल्या?

रिसोर्ससॅट-२ या आपल्या उपग्रहाने हिवाळ्यात टिपलेलं मुंबईचं चित्र संगणकावर उघडलं की मी आधी राणीची बाग शोधतो. डोळ्यांना न दिसणारा जवळचा अवरक्त प्रकाश या चित्रांत लाल रंगात दाखवतात. पानं तो प्रकाश भरपूर परतवतात, म्हणून बाग लालभडक उठून दिसते. तिथून पूर्वेला, हार्बर लाइनच्या अलीकडे घोडपदेव. इथे लाल रंग तुरळकच. सगळीकडे निळसर-राखाडी ठिपके, मधूनच एखाद्या पत्र्याच्या छपराचा पांढरा.

हे चित्र लिस-३ या सेन्सरचं. त्याचा एक ठिपका जमिनीवर २३.५ मीटर लांब आणि तेवढाच रुंद, म्हणजे सुमारे ५,९०० चौरस फूट. चाळीतल्या दहा बाय बाराच्या जवळपास पन्नास खोल्या त्यात मावतात. चाळ, तिच्यापुढचं अंगण, गल्लीचा तुकडा आणि दारातलं झाड, या सगळ्यांवरून परतलेला प्रकाश एकत्र होतो आणि त्याचा एकच आकडा नोंदला जातो. झाड त्यात हरवतं.

त्याच उपग्रहावरच्या लिस-४ चं चित्र शेजारी उघडतो. याचा ठिपका ५.८ मीटरचा, त्यात तीनच खोल्या. आता मोठे रस्ते ओळीने दिसतात, टॉवरच्या सावल्या वायव्येला पडलेल्या दिसतात. उपग्रह साधारण सकाळी साडेदहाला डोक्यावरून जातो, तेव्हा हिवाळ्यातला सूर्य आग्नेयेला असतो.

मग सगळीकडे लिस-४ च का वापरू नये? कारण बारकाव्याची किंमत प्रकाशात मोजावी लागते. ८१७ किलोमीटर उंचीवरच्या या उपग्रहाखालून जमीन सेकंदाला साडेसहा किलोमीटरहून अधिक वेगाने सरकते. ठिपका चौपट अरुंद केला, तर त्यातल्या जमिनीचं क्षेत्र सोळापट घटतं आणि ती टिपायला मिळणारा वेळही चौथ्या हिश्श्यावर येतो. दुर्बीण तेवढीच ठेवली, तर प्रकाश सुमारे चौसष्टपट कमी. शिवाय सेन्सरमधल्या ओळीत घटक मोजकेच. लिस-३ चे ६,००० घटक १४१ किलोमीटर रुंदीचा पट्टा बघतात. लिस-४ चे १२,००० घटक जेमतेम ७० किलोमीटरचा.

घोडपदेवच्या शेजारी कॉटन ग्रीन आहे. तिथल्या गोदामांत जिथला कापूस यायचा, त्या विदर्भाच्या रानांवर हाच लिस-३ नेला की चित्र पालटतं. एकरभर कपाशीला तिथे सात ठिपके मिळतात. घोडपदेवची चाळ ज्याला वेगळी काढता येत नाही, तो सेन्सर शेत नीट ओळखतो. त्याचा लघुतरंग अवरक्त पट्टा पानांतल्या पाण्याचाही अंदाज देतो. लिस-४ मध्ये तो पट्टा नाही. मात्र लिस-३ त्याच जागी २४ दिवसांनी परततो, आणि पावसाळ्यात नेमका त्या दिवशी ढग आला की फेरी वाया. तिथे ५६ मीटरच्या मोठ्या ठिपक्याचा, पण ७४० किलोमीटर रुंद नजरेचा एविफ्स हा याच उपग्रहावरचा तिसरा सेन्सर उपयोगी पडतो. पाच दिवसांनी पुन्हा येत असल्याने ढगांची उघडीप त्याला जास्त वेळा सापडते.

अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरने हे तिन्ही कॅमेरे एकाच उपग्रहासाठी घडवले, त्यामागे हाच विचार आहे. एका मीटरहून लहान वस्तू दाखवणारी चित्रं आज मिळतात आणि आपण त्यांनीच भारावतो. पण चाळ मोजायची आहे की कपाशी, हे आधी ठरवावं लागतं. सेन्सर चांगला की वाईट, ते त्यानंतरच सांगता येतं.