सैल ठेवलेली काच : केबलच्या आत प्रकाशतंतू कसे नांदतात

मढचा कोळीवाडा आणि वेसावे यांच्यामधील खाडी ओलांडली की जो वर्सोव्याचा किनारा लागतो, त्या किनाऱ्याच्या वाळूखालून परदेशांशी भारताला जोडणाऱ्या अनेक दूरसंचार केबल जमिनीवर येतात. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०२३ साली केलेल्या नोंदीप्रमाणे देशात अशा १७ आंतरराष्ट्रीय केबल १४ स्थानकांमध्ये उतरत होत्या आणि मुंबई हे त्यांतील सर्वांत मोठे केंद्र होते. या केबलांविषयी लिहिले जाते ते बहुधा त्यांच्या वेगाविषयी, किमतीविषयी किंवा मालकीविषयी. परंतु मिलिमीटरच्या आठव्या हिश्श्याएवढ्या जाडीचा काचेचा तंतू जहाजावरून खोल पाण्यात सोडला जातो, रस्त्याखालच्या डक्टमधून शेकडो मीटर ओढला जातो, उन्हात तापतो आणि तरीही पंचवीस वर्षे अखंड राहतो, हे कसे घडते याचे उत्तर फार क्वचित दिले जाते. ते उत्तर काचेच्या मजबुतीत थोडे आहे आणि तंतूंच्या मांडणीत पुष्कळ आहे.

पूर्वपीठिका थोडक्यात सांगता येईल. मुंबई १८७० साली एडनमार्गे इंग्लंडशी समुद्री तारेने जोडली गेली आणि त्या तारेचा मुंबई-एडन हा टप्पा ‘ग्रेट ईस्टर्न’ या प्रचंड जहाजाने टाकला. चार्ल्स काव यांनी १९६६ साली शुद्ध काचेतून दूरवर प्रकाशसंदेश पाठवता येतील असे मांडले, १९७० साली अमेरिकेतील कॉर्निंगने तसा तंतू घडवला, १९७९ साली पुण्यात स्थानिक टेलिफोन एक्सचेंजांना जोडणारी भारतातील पहिली प्रकाशतंतू यंत्रणा सुरू झाली, १९९७ साली ‘फ्लॅग’ ही समुद्री केबल मुंबईत आली, आणि आज छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज व शेंद्रा येथील कारखान्यांत असे तंतू तयार होतात.

तंतूचा मधला गाभा साधारण ९ मायक्रॉन व्यासाचा असतो, त्याभोवतीच्या काचेच्या आवरणासह व्यास १२५ मायक्रॉन होतो आणि त्यावर रंगीत लेपनाचा थर चढला की तो २५० मायक्रॉनपर्यंत जातो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. गाभ्याची काच आवरणापेक्षा प्रकाशाला किंचित जास्त वाकवणारी असल्याने प्रकाश गाभ्यातच कोंडलेला राहतो. कारखान्यातून बाहेर पडण्यापूर्वी प्रत्येक तंतू त्याच्या लांबीच्या सुमारे एक टक्का ताणून तपासला जातो, मात्र वर्षानुवर्षे सोसावा लागणारा ताण त्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आत राखावा लागतो, कारण काचेच्या पृष्ठावरील सूक्ष्म चिरा सततच्या ताणाखाली, विशेषतः ओलाव्यात, हळूहळू वाढत जातात. दुसरा धोका दाबाचा आहे. तंतू कशावर तरी दाबला गेला की त्याला डोळ्यांना न दिसणारी बारीक बाके पडतात आणि त्या बाकांतून प्रकाश गळतो. तंतू तुटलेला नसतो, तरी संदेश क्षीण होत जातो. म्हणून केबल घडवणाऱ्यापुढे प्रश्न असतो तो असा की, तंतूंना एकत्र बांधायचे, पण ताण आणि दाब यांपैकी काहीही त्यांच्यापर्यंत पोहोचू द्यायचे नाही.

या प्रश्नाला मिळालेले सर्वांत सुंदर उत्तर म्हणजे लूज ट्यूब, अर्थात सैल नळी. दोन-तीन मिलिमीटर व्यासाच्या प्लॅस्टिकच्या नळीत १२ तंतू मोकळे ठेवले जातात आणि उरलेल्या जागेत असे जेल भरले जाते की जे पाण्याला वाट देत नाही, नळी उभी धरली तरी ओघळत नाही, मात्र तंतूने हालचाल केली की त्याला सरकू देते. यातील खरी करामत लांबीची आहे. नळी गरम असताना तंतूंवर घडवली जाते आणि थंड होताना ती काचेपेक्षा कितीतरी अधिक आकसते, त्यामुळे हजार मीटर नळीत तंतू साधारणपणे एक ते तीन मीटर जास्त लांबीचा राहतो व आत हलकीशी नागमोडी वळणे घेत पडतो. हे जादा माप कमी पडले तर केबल ओढताना काचेवर ताण येतो. फार झाले तर थंडीत नळी आकसताच तंतू भिंतीवर दाबला जाऊन प्रकाश गळू लागतो. नळी थंड करणाऱ्या पाण्याचे तापमान आणि यंत्राचा वेग सांभाळून हे माप साधले जाते, आणि केबल-कारखान्यातील कौशल्याची खरी कसोटी याच ठिकाणी लागते असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरणार नाही.

अशा पाच-सहा किंवा अधिक नळ्या काचतंतू व रेझिनच्या एका ताठ दांडीभोवती गुंडाळल्या जातात. ही दांडी ओढ तर सोसतेच, पण थंडीत प्लॅस्टिकला आकसूही देत नाही. नळ्या सरळ न ठेवता पिळाने गुंडाळण्यामागे भूमितीचा सुरेख उपयोग आहे: केबल ताणली गेली की नळीतील तंतू दांडीच्या बाजूच्या भिंतीकडे सरकतो, तेथे त्याचा मार्ग आखूड होतो आणि वाढलेली लांबी काचेला न ताणता भरून निघते, केबल आकसली की तोच तंतू बाहेरच्या भिंतीकडे जाऊन जादा लांबी सामावून घेतो. पीळ एकाच दिशेने देत राहायचे तर नळ्यांची सगळी जड रिळे दांडीभोवती फिरवावी लागतात. म्हणून काही वेढ्यांनंतर पिळाची दिशा उलटवली जाते. या पद्धतीला एसझेड पीळ म्हणतात, आणि तिचा फायदा कारखान्यापुरता थांबत नाही. दिशा जेथे उलटते तेथे नळ्यांना थोडी सैल मिळते, त्यामुळे वाटेतील एखाद्या गावासाठी केबल मध्येच उघडून, बाकीच्या नळ्यांना धक्का न लावता, एकच नळी वेगळी काढता येते. उलटलेला पीळ सुटू नये म्हणून त्यावर दोऱ्याचे वेढे असतात. नळ्यांची संख्या कमी असेल तर गोलाई राखण्यासाठी मध्ये ‘फिलर’ नावाच्या भरीव काड्या घातल्या जातात. आणि त्यांवर पाणी लागताच फुगून वाट बंद करणारी पट्टी, ओढ सोसणारे अ‍ॅरामिडचे धागे, शेवटी काळ्या पॉलिथिनचे कवच चढते. मुंबईच्या डक्टांमध्ये घुशी-उंदरांपासून वाचवण्यासाठी या कवचाखाली पन्हळी पोलादी पत्रा किंवा काचधाग्यांचा थर देण्याची पद्धत आहे.

इतक्या तंतूंमध्ये नेमका हवा तो ओळखायचा कसा, यासाठी रंगांचा ठरलेला क्रम आहे: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी आणि फिकट निळसर-हिरवा. नळ्यांनाही हाच क्रम लागू होतो, त्यामुळे १२ नळ्यांच्या केबलमधील १४४ तंतूंपैकी प्रत्येकाची ओळख केवळ दोन रंगांनी पटते. रस्त्याकडेच्या चेंबरमध्ये बसून रात्री जॉइंट करणाऱ्या कामगाराला हा क्रम पाठ असावा लागतो, आणि या कामाचे महत्त्व अभियांत्रिकीच्या पुस्तकांनी आजवर पुरेसे ओळखलेले नाही.

तंतूंची संख्या हजारांत गेली की एकेक जोडणे परवडत नाही. मग १२ तंतू शेजारी शेजारी चिकटवून रिबन केली जाते व तिचे बाराही तंतू एकाच वेळी वितळवून जोडता येतात. सपाट रिबन गोल केबलमध्ये जागा वाया घालवते, म्हणून आता तंतू सलग न चिकटवता ठरावीक अंतरांवरच चिकटवले जातात. अशी रिबन गुंडाळून दाटीने भरता येते आणि दोन इंची नळीतून ६,९१२ तंतूंची केबल नेणे शक्य होते.

समुद्रातील रचना याच्या उलट काटकसरीची असते, कारण सुमारे ६० ते १०० किलोमीटरवर प्रकाश वाढवणारे उपकरण लागते आणि त्याची वीज किनाऱ्यावरून पुरवावी लागते. ‘फ्लॅग’मध्ये तंतूंच्या दोनच जोड्या होत्या, तर अलीकडच्या ‘टू-आफ्रिका’मध्ये १६ पर्यंत आहेत. येथे तंतू जेलने भरलेल्या पोलादी नळीत असतात, तिच्याभोवती पाण्याचा दाब कमानीप्रमाणे पेलणाऱ्या पोलादी तारा, त्यांवर वीज नेणारे तांबे आणि मग पॉलिथिन. खोल समुद्रात ही केबल जेमतेम १७ मिलिमीटर व्यासाची असते. किनाऱ्याजवळ मात्र तिच्यावर जाड पोलादी तारांचे एक किंवा दोन पिळदार थर चढवले जातात आणि ती तळाखाली पुरली जाते, कारण जगभरातील बहुतेक बिघाड मासेमारीची साधने आणि जहाजांचे नांगर यांच्यामुळेच होतात. मढ-वेसाव्याच्या कोळ्यांची डोल ही जाळी भरती-ओहोटीच्या ओढीत उघडी राहावीत म्हणून तळात रोवलेल्या खुंटांना बांधली जातात, ट्रॉलर तळ खरवडत जातात, आणि केबलांची वाटही याच उथळ पाण्यातून आहे. म्हणून केबलच्या वाटेची आखणी करताना कोळीवाड्यांशी बोलणी व्हावीत ही अपेक्षा सौजन्यापुरती नाही; तळाचे त्यांचे ज्ञान पिढ्यांचे आहे आणि पोलादाच्या दुसऱ्या थराइतकेच संरक्षण ते देऊ शकते.

तुटलेली केबल दुरुस्त करतानाही सैल लांबीचाच हिशेब पुन्हा मांडावा लागतो. तळावर पडलेल्या केबलची दोन्ही टोके एकाच वेळी पृष्ठभागावर आणण्याइतकी लांबी तिच्यात नसते, म्हणून एक टोक तरंगत्या बोयाला बांधून ठेवतात, दुसऱ्याला जहाजावरील नव्या केबलचा तुकडा जोडतात आणि मग तो पहिल्यापर्यंत नेऊन शेवटचा जॉइंट करतात. प्रत्येक तंतू वितळवून सांधला जातो, त्याची जादा लांबी जॉइंटच्या आत ठरलेल्या त्रिज्येत वेटोळी करून ठेवली जाते, वर पॉलिथिन ओतून क्ष-किरणांनी ते तपासले जाते आणि मगच केबल पाण्यात सोडतात. पाण्याच्या खोलीमुळे घालावा लागलेला हा वाढीव तुकडा तळावर बाकदार पडतो आणि त्या जागेची नोंद नकाशात नव्याने केली जाते.