पेटी बिघडली, हिशेब नाही!

"ताई, कॉम्प्युटर सुरूच होऊन नाही राहिला जी!" दारव्हा तालुक्यातल्या एका गावातून बचत गटाच्या सचिवबाईंचा फोन आला. आवाज रडवेला. दुसऱ्या दिवशी कर्जवाटपाची बैठक आणि तीन वर्षांचा सगळा हिशेब त्या पेटीत. वही तर केव्हाच बंद केलेली!

एस.टी.ने पोहोचले. झालं होतं असं की, विंडोज १० ची कंपनीकडून मिळणारी नेहमीची मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. म्हणून बाईंच्या भाच्याने विंडोज ११ टाकायचा घाट घातला. त्यासाठी त्याने 'बायोस'मध्ये शिरून सुरू होण्याची जुनी पद्धत बंद केली, 'सिक्युअर बूट' चालू केलं आणि सेव्ह केलं. त्यानंतर पंखा फिरे, पण पडदा काळाच. दुकानदाराने फोनवरच निकाल दिला, "हार्ड डिस्क गेली, फॉरमॅट मारावं लागेल."

मैत्रिणींनो, बायोस म्हणजे घरात सगळ्यांच्या आधी उठणारी बाई. मेमरी, की-बोर्ड, डिस्क सगळं जागेवर आहे ना, हे ती बघते आणि मग विंडोजला उठवते. तिचा मुक्काम मदरबोर्डवरच्या चिपमध्ये, हार्ड डिस्कमध्ये नाही. म्हणजे सेटिंग चुकलं तरी हिशेब सहसा जागच्या जागी असतो. इथे जुन्या ग्राफिक्स कार्डाला नवी पद्धत कळत नव्हती, एवढंच.

पडदा दिसत असता, तर सुरू होताना डिलीट किंवा एफ-२ दाबून मूळ सेटिंग परत आणता आली असती. इथे तीही सोय नव्हती. मग प्लग काढला, पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरलं, झाकण उघडलं. आत मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा चपटा सेल असतो, सीआर-२०३२, तीन व्होल्टचा. तो मी काढला नाही. म्हटलं, "बाई, तुम्हीच काढा."

"मी? आठवी पास बाई मी! अजून बिघडलं तर लोक म्हणतील, बायकांच्या हाती कशाला दिलं?"

"आधी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा, मग काढा."

थरथरत्या बोटांनी त्यांनी सेल काढला. दहा मिनिटं थांबलो, तेवढ्यात चहा झाला. सेल परत बसवला, प्लग लावला. पडदा उजळला! तारीख मात्र कुठली तरी जुनीच होती. ती दुरुस्त केली, आणि विंडोज उघडलं. हिशेब जसाच्या तसा. भाचा कोपऱ्यात उभा होता, त्याने कुठे श्वास सोडला.

हा उपाय डेस्कटॉपचा. लॅपटॉप घरी उघडू नका. बिटलॉकर चालू असेल तर ४८ अंकी किल्ली मागितली जाते, ती आधीच लिहून ठेवा. सेटिंग बदलण्यापूर्वी मोबाइलवर त्या पडद्याचा फोटो काढा. आणि कुणी 'फॉरमॅट' म्हटलं, की आधी विचारा, "शेवटचं काय बदललं होतं?"

दुसऱ्या दिवशी बैठक वेळेवर झाली. कापूस वेचून आलेल्या बायांसमोर सचिवबाईंनी हिशेब वाचला. आता दर महिन्याला तो पेनड्राइव्हवर उतरतो, आणि वहीही पुन्हा सुरू झाली आहे.