शिक्क्यावर शिक्का : स्पेनचे तांब्याचे नाणे

छंद नवा असताना स्पेनचे जुने तांब्याचे नाणे हाती आले की आपण हिरमुसतो. वेडावाकडा आकार, पुसट चित्र आणि त्यावर आडवातिडवा ठोकलेला रोमन आकडा. आम्हालाही ते कुणी बिघडवलेले वाटले होते. पण ते ठोकणे सरकारीच!

या नाण्यांची किंमत ‘मारावेदी’त मोजत. तिसऱ्या फिलिप राजाने १५९९ पासून त्यातली चांदी काढली, १६०२ मध्ये वजन निम्मे केले. लोकांजवळच्या जुन्या जड नाण्यांवर १६०३ मध्ये दुप्पट किमतीचा शिक्का मारला. चौथ्या फिलिपने १६२८ मध्ये किंमत निम्मी केली, १६३६ मध्ये जुन्या नाण्यांची तिप्पट केली, १६४२ मध्ये पुन्हा पाडली. ज्याच्याकडे चांदी होती तो निभावला. मजुराच्या कमरेला तांबेच होते.

म्हणून असा शिक्का दिसला तर नाणे टाकू नका, नीट पाहा. खऱ्या शिक्क्याखाली धातू दबतो, मागची बाजूही तेवढीच चपटते. ओतीव नकलेत बारीक छिद्रे दिसतात, कधी कडेला सांधा असतो. लोहचुंबकाला चिकटले तर ते तांबे नव्हेच; न चिकटले म्हणून खरे असेही नाही. कमानींच्या जलवाहिनीची छोटी खूण सेगोव्हियाच्या टांकसाळीची.

आणि घरात आधीच सांगून ठेवा, तांब्याच्या हंड्यासारखे हे चिंचेने घासायचे नाही.