एक वस्तू, एक नवी युक्ती : छोट्या विणकामातून शिकवताना



कार्यानुभवाच्या तासाला काय घ्यायचं, हा प्रश्न दर जूनमध्ये आपल्या सगळ्यांना पडतो. कागदाची फुलं झाली, आकाशकंदील झाला, राख्या झाल्या. मी गेली काही वर्षं तिसरी-चौथीच्या आणि गावातल्या पाचवीच्या मुलांना दोन सुयांवरचं विणकाम शिकवते आहे. त्यातून जे हाताला लागलं ते आज तुमच्यापुढे मांडते. सुरुवात माझ्या फजितीपासून करते, कारण सगळं शिकवणं तिथूनच सुरू झालं.

डी.एड. झाल्यावर, लग्नानंतर मी अलोऱ्याला आले. इथे कोयना प्रकल्पाची वसाहत आहे. घाटावरून नोकरीसाठी आलेली बरीच कुटुंबं इथे राहिली. आमच्या शेजारच्या काकू कऱ्हाडकडच्या. त्यांचे हात सतत विणत असायचे. मला दिवस गेले तेव्हा मीही हौसेने लोकर आणली आणि पहिल्यांदाच सुया हातात धरून थेट बाळाच्या स्वेटरला हात घातला. काकू म्हणाल्या, "अगं, आधी काहीतरी बारकं कर." मी कुठली ऐकायला! पाठ झाली, पुढचा एक भाग झाला, अर्धी बाही झाली. तोवर बाळ वर्षाचं झालं होतं आणि पाठ त्याच्या अंगाला पुरत नव्हती. स्वेटर ट्रंकेत गेला. पुढे तीन वर्षं मी सुयांना हात लावला नाही. "आपल्याला हे जमत नाही" असं मी पक्कं ठरवून टाकलं होतं.

आता बघा, मला खरंच जमत नव्हतं का? टाके घालता येत होते, सुलट येत होतं, उलट येत होतं. पण स्वेटरमध्ये एकाच वेळी मापं, रिब, बाहीचा उतार, गळ्याची घट आणि शिवण असं सगळं शिकावं लागतं. शिवाय चूक चार महिन्यांनी कळते. आपण वर्गात पहिल्या आठवड्यात हातच्याची वजाबाकी, भागाकार आणि अपूर्णांक एकदम शिकवतो का? मग विणकामात तसं का करायचं?

म्हणून माझा नियम एवढाच : वस्तू छोटी, दोन-तीन तासिकांत किंवा फार तर दोन आठवड्यांत पुरी होणारी, आणि प्रत्येक वस्तूत नवी युक्ती एकच. बाकी सगळं आधी येत असलेलं.

पहिली वस्तू पुस्तकातली खूण. आठ नंबरच्या सुया, दहा टाके, सगळ्या ओळी सुलट. (जुन्या बायका ओळीला 'सुई' म्हणतात. "चार सुया सुलट घाल" म्हणजे चार ओळी, हे मुलांना आधी सांगा, नाहीतर चार सुया मागायला येतात.) सुयांच्या नंबरातही एक गंमत आहे. आपल्या बाजारातल्या जुन्या पद्धतीच्या नंबरांत आठ नंबरची सुई 4 मि.मी. जाड, दहा नंबरची सव्वातीन आणि बारा नंबरची पावणेतीन. नंबर वाढतो तशी सुई बारीक होते. मुलांना हे अजिबात पटत नाही, त्यांना पट्टीने मोजू द्यावं.

खूण विणताना एक चूक हमखास होते. दहा टाके घातलेले असतात आणि वीतभर विणून होईपर्यंत चौदा झालेले असतात. पट्टी खाली अरुंद, वर रुंद. "बाई, मी तर काहीच केलं नाही!" खरंच, मुलाने मुद्दाम काही केलेलं नसतं. कारणं बहुतेक दोनच असतात. ओळ संपवून विणकाम उलटवलं की लोकर सुईवरून पलीकडे ओढली जाते, त्यामुळे पहिला टाका वर खेचला जातो आणि त्याचे दोन दोरे सुईवर दिसतात. मूल त्यांना दोन टाके समजून दोन्ही विणतं. यावर उपाय म्हणजे ओळ सुरू करताना लोकर खाली धरायची. दुसरं कारण, मधेच लोकर पुढच्या बाजूला राहते आणि तशीच सुलट विणली जाते. मग सुईवर एक जास्तीचा वेढा चढतो आणि खाली भोक पडतं. दर ओळीला टाके मोजायची सवय लावली की दोन्ही चुका त्याच ओळीत सापडतात. माझ्या वर्गात खूण पुरी झाली यापेक्षा "शेवटी दहाच आहेत" याला जास्त मान आहे.

दुसरी वस्तू केसांचा पट्टा. इथे नवी युक्ती उलट टाका, म्हणजे एक सुलट, एक उलट अशी रिब. पण त्याआधी मी एक छोटा तुकडा मुद्दाम वेगळा विणायला लावते : एक ओळ सगळी सुलट, पुढची सगळी उलट. हा तुकडा टेबलावर सपाट बसतच नाही. कडेच्या दोन बाजू मागे वळतात, वरची-खालची बाजू पुढे गुंडाळते. मुलं तो दाबून धरतात, वहीखाली ठेवतात, काढला की पुन्हा वळतो. मग सांगायचं : सुलट आणि उलट हे वेगळे टाके नाहीतच, एकाच टाक्याचं तोंड आणि पाठ आहे. सगळी तोंडं एका बाजूला आली की ताण एकाच बाजूला पडतो आणि कापड वळतं. रिबमध्ये एक उभी रांग पुढे येते, शेजारची मागे जाते, कापड पंख्यासारखं घडी घालून बसतं. म्हणून ते वळत नाही आणि ताणलं की उलगडतं. स्वेटरच्या मनगटाला आणि कंबरेला रिब का असते, हे मग मुलंच सांगतात.

पट्ट्याला बटण लावायचं तर काजं हवं. आता ती खुणेतली चूक आठवा, लोकर पुढे राहून पडलेलं भोक. तेच इथे मुद्दाम करायचं : लोकर पुढे घ्यायची आणि लगेच पुढचे दोन टाके एकत्र विणायचे. एक वाढला, एक घटला, टाके तेवढेच राहिले आणि काजं तयार. जाळीची सगळी नक्षी याच जोडीवर चालते. गेल्या महिन्यात ज्या भोकावरून रडू आलं होतं तेच भोक पाडता येतं म्हटल्यावर वर्गात जो आवाज होतो, तो शेजारच्या वर्गातल्या सरांना चालत नाही. असो.

तिसरी वस्तू मोबाईलची पिशवी. इथे टाका नवा नाही, माप नवं. आठ नंबरच्याच सुया, लोकरही तीच, वीस टाके घालून सगळ्यांनी थोडं विणायचं आणि पट्टीने रुंदी मोजायची. एकाची 10 सेंमी भरते, दुसरीची 8, कारण तिचा हात घट्ट आहे. पिशवी 9 सेंमी रुंद हवी, तर कोणी किती टाके घालायचे? ही आपली एकमान पद्धत. पहिल्याचे एका सेंमीला दोन टाके, म्हणून अठरा. दुसरीचे एका सेंमीला अडीच, म्हणून साडेबावीस. "बाई, अर्धा टाका कसा घालायचा?" या प्रश्नावर आमची अर्धी तासिका गेली. शेवटी तेवीस ठरले, आणि शिवणीत दोन जातात म्हणून पंचवीस. पाठ्यपुस्तकात अपूर्णांक आला की मुलं पूर्णांकात करून मोकळी होतात. इथे का वर धरायचं आणि का खाली, यावर विचार करावा लागला. शेजाऱ्याचे टाके बघून घातले तर पिशवी बसत नाही, त्यामुळे या गणिताची कॉपी करून उपयोग नसतो.

चौथी वस्तू माझी सगळ्यात आवडती : बाळाचं टोपडं. नवी युक्ती म्हणजे टाके घटवणं. वीस टाक्यांना 10 सेंमी या हाताने 64 टाके घातले तर साधारण 32 सेंमी होतात. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर बहुधा 33 ते 36 सेंमी असतो आणि वीण ताणते, म्हणजे बरोबर बसतं. आधी तीन बोटं रिब, मग साधारण 10 सेंमी सरळ. आता शेंडा. चौसष्टचे आठ भाग करायचे, प्रत्येकात आठ टाके. सहा सुलट, दोन एकत्र, असं आठ वेळा. राहिले 56. उलट बाजूने एक साधी ओळ. मग पाच सुलट, दोन एकत्र. राहिले 48. मग चाळीस, बत्तीस, चोवीस, सोळा, आठ. आठाचा पाढा उलटा उतरत येतो! शेवटच्या आठ टाक्यांतून सुईने दोरा ओवून ओढला की तोंड मिटतं आणि मागची शिवण घातली की टोपडं तयार. घटवणं दर एका ओळीआड केलं तर शेंडा घुमटासारखा येतो, तीन ओळींआड केलं तर टोकदार. दोन्ही करून बघायला सांगा. बाळाच्या टोपड्याला सुटा गोंडा, मणी किंवा लांब नाडी मात्र नको.

आता काही पालकांचे प्रश्न. "कोकणात लोकर कशाला?" खरं आहे, मे महिन्यात हाताला घाम येऊन टाके सुईला चिकटतात. मी विणकाम दिवाळीनंतर घेते. पण शिकायला लोकरच बरी, सुती दोरा ताणत नाही आणि नवख्या हाताला जड जातो. बाजारात स्वस्तात मिळते ती लोकर बहुधा ॲक्रिलिक असते. ती धुवायला सोपी, पण उष्णतेला वितळते. आमच्याकडे एकीने हौसेने आईसाठी गरम भांडं धरायचा चौकोन विणला आणि तो कढईच्या कानाला चिकटला. नशीब, हात भाजला नाही. चुलीजवळची वस्तू सुती दोऱ्याचीच हवी. ही चूक माझी, मी आधी सांगायला हवं होतं.

"मुलग्यांना विणकाम?" हा दुसरा प्रश्न, तो आया कमी आणि वडील जास्त विचारतात. आमची वाशिष्ठी जिथे समुद्राला मिळते त्या दाभोळला वर्गातल्या एकाचा मामा मासेमारी करतो. तो जाळी विणतो, फाटली तर दुरुस्त करतो, आणि आस सारखी यावी म्हणून मापाची पट्टी वापरतो. ते काम पुरुषांचं आणि हे बायकांचं, असं कोणी ठरवलं? जर्मनीत श्टुटगार्टला 1919 मध्ये पहिली वॉल्डॉर्फ शाळा निघाली. त्या पद्धतीच्या शाळांत पहिलीपासून मुलगे-मुली दोघंही विणतात. आपल्याकडे 1937 मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला, बुनियादी शाळांत मुलगेही टकळीवर सूत काढत. 'कार्यानुभव' हा शब्द कोठारी आयोगाच्या (1964-66) शिफारशींतून रूढ झाला, आणि 2020 च्या धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना सांगितले आहेत. कागदावर जागा कायमच होती. परीक्षा जवळ आली की पहिली कात्री याच तासिकेला लागते, हे आपण सगळे जाणतो.

सुयांना खर्च नको असेल तर बांबूच्या कामट्या तासून, पॉलिश पेपरने घासून छान सुया होतात. मागच्या टोकाला रबर गुंडाळा म्हणजे टाके निसटत नाहीत. हिराच्या काड्या वापरू नका, वाकतात. डावखुऱ्या मुलाला शेजारी न बसवता समोर बसवा, आरशात बघावं तसं त्याला दिसतं. आणि टाका पडून खाली शिडी झाली तर ओरडू नका. क्रोशाची सुई घ्या, शिडीची एकेक पायरी टाक्यातून वर ओढत या, दोन मिनिटांत जागेवर येतो.

उसवणं मात्र मुद्दाम शिकवावं लागतं. चौथीत एक मुलगा होता. गणित चुकलं की खोडरबराने पान फाटेपर्यंत खोडायचा आणि मग वही दप्तरात कोंबून गप्प बसायचा. त्याची खूण तीनदा बिघडली. तिसऱ्यांदा त्याने सुयाच उपसल्या. मी त्याला एक युक्ती दाखवली : बरोबर झालेल्या ओळीतल्या सगळ्या टाक्यांतून वेगळ्या रंगाचा एक दोरा ओवून ठेवायचा. पुढे काहीही बिघडलं तरी उसवत त्या दोऱ्यापर्यंतच यायचं, टाके तिथे थांबलेले असतात. पुढच्या पाच ओळींवर त्याने दर ओळीला दोरा घातला, लाल, पिवळा, निळा. मी काही बोलले नाही. पिशवीच्या वेळी दहा ओळींनी एक घातला. टोपड्याला फक्त घट सुरू होण्याआधी एक. गणिताच्या वहीचं एकदम सोनं झालं असं मुळीच नाही, पण एके दिवशी उदाहरण चुकलं तेव्हा त्याने विचारलं, "बाई, कुठपर्यंत बरोबर आहे?" मी तिथे लाल पेनाने एक आडवी रेघ मारून दिली. आता बाकीची मुलंही रेघ मागतात.

गेल्या दिवाळीत लोकर कमी पडली तेव्हा मी ट्रंक उघडली. तो स्वेटर काढला आणि वर्गातच उसवायला दिला. उसवलेली लोकर कुरळी असते. खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात बुडवून पिळा आणि खाली हलकं वजन अडकवून सावलीत टांगा. बरीचशी सरळ होते. आमच्या दमट हवेत वाळायला दोन दिवस लागले. त्यातून तीन टोपडी झाली. एक आमच्या काकूंच्या नातीला दिलं. काकूंनी रंग ओळखला.