आंघोळीआधी ऊब

तेलाने माखलेला पक्षी दिसला, की आधी त्याला धुऊन काढावंसं वाटतं. पण तीच घाई त्याच्या जिवावर बेतू शकते.

पक्ष्याची पिसं कौलांसारखी एकावर एक बसलेली असतात. प्रत्येक पिसाचे बारीक तंतू इवल्या आकड्यांनी एकमेकांत गुंतलेले असतात, म्हणून पाणी आत शिरत नाही. तेलाने ही वीण विसकटते, थंड पाणी कातडीला भिडतं आणि पक्षी गारठतो. चोचीने पिसं साफ करताना तेल पोटातही जातं. म्हणून आधी ऊब, नळीने पाणी आणि खाणं द्यायचं. अंगात ताकद आली, की मगच धुणं.

त्यासाठी लागतं कोमट पाणी आणि भांडी घासायचा द्रवसाबण. डोळ्यांभोवती मऊ टूथब्रश फिरवतात. मग साबणाचा अंशही उरणार नाही इतकं खळबळून काढतात. अळवाच्या पानावरून ओघळावं तसं पिसांवरून पाणी थेंब होऊन ओघळलं, की काम झालं.

२३ जून २००० रोजी ‘ट्रेझर’ हे मालवाहू जहाज केप टाउनजवळ बुडालं. सुमारे १९,००० आफ्रिकन पेंग्विन तेलाने माखले. हजारो स्वयंसेवक धावून आले आणि यातले ९० टक्क्यांच्या आसपास पेंग्विन पुन्हा समुद्रात गेले. तेल न लागलेले आणखी सुमारे १९,५०० पेंग्विन दूर पोर्ट एलिझाबेथजवळ नेऊन सोडले. ते शेकडो किलोमीटर पोहत घरी परतेपर्यंत तेल साफ करायला वेळ मिळाला.

सांडलं माणसाने, निस्तरलंही माणसांनीच, एकेक पीस हाताळत.