डिझेल सांडलेली माती लोखंडाने साफ होते? पेरॉक्साइड विकत आणण्याआधी हे वाचा

जुन्या स्पीकरचं लोहचुंबक ओढ्याच्या वाळूत फिरवलं की काळा बारीक चुरा चिकटतो. लहानपणी हा खेळ सगळ्यांनी केलाय. त्या चुऱ्यात मॅग्नेटाइट नावाचं लोखंडाचं खनिज असतं. तेलाने खराब झालेली माती साफ करायला शास्त्रज्ञ हेच खनिज वापरून बघतायत.

मूळ युक्ती जुनी. हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये थोडं लोखंड पडलं की ते फार जहाल होतं, हे फेंटन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८९४ मध्ये दाखवलं. मग ते तेलाचे तुकडे तुकडे करतं, पुरतं काम झालं तर शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी उरतं. अडचण एवढीच, की विरघळलेल्या लोखंडाचा नंतर तांबूस गाळ होतो आणि ते वाया जातं. मॅग्नेटाइट सहसा विरघळत नाही. माती टाकीत पाण्यात कालवायची, काम झालं की चुंबकाने चुरा ओढून, धुऊन परत वापरायचा.

आता आपल्या कामाचं. गेल्या वर्षी माझ्या विहिरीजवळ इंजिनाचा डिझेलचा कॅन कलंडला. मी त्यावर पाणी मारलं, तिथंच चुकलो. तेल आणखी पसरलं. दोन सऱ्यांत अजून गवतसुद्धा नाही. मलाही वाटलं, आणावं पेरॉक्साइड आणि ओतावं.

पण तसं करू नका. फेंटनची क्रिया आंबट मातीत, सामू ३ च्या आसपास, जोरात चालते. आपल्या काळ्या रानाचा सामू ८ च्या घरात, वर चुनखडी; ती औषधाचा जोरच खाऊन टाकते. मॅग्नेटाइटला आम्ल कमी लागतं, पण चुनखडीचा त्रास तिथंही आहेच. आम्ल ओतलं तर गांडुळं आणि जिवाणू मरतात. तीव्र पेरॉक्साइडने कातडी भाजते, डिझेलशी गाठ पडली तर आगही लागू शकते. हे काम टाकी, यंत्रं आणि जाणकार माणसं असलेल्या ठिकाणचं.

डिझेल सांडलं तर लगेच वर कोरडी माती किंवा भुसा टाका आणि भिजलेली माती घमेल्याने उचला. विहिरीपासून लांब, प्लास्टिकच्या कागदावर पातळ पसरा, कुजलेलं शेणखत मिसळा, ओल ठेवा, आठवड्याला खालीवर करा. मातीतले जिवाणू डिझेल खातात, महिने लागतात एवढंच. जळक्या ऑइलचं तसं नाही. त्यातले धातू लोखंडानेही जात नाहीत, जिवाणूंनीही नाही. ते डब्यात साठवून जुनं ऑइल घेणाऱ्या परवानाधारकाला द्या.

माझी माती आता बांधापलीकडं कागदावर आहे. विहिरीच्या पाण्याला अजून तरी वास आलेला नाही.