विरजण... खाऱ्या पाण्याचं!

नारू हा शब्द आजच्या मुलींना ठाऊक नसेल, पण आपल्या आयांना विचारा. पायऱ्यांच्या विहिरीचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळून घ्यायचे, ते कशासाठी? त्या पाण्यात सायक्लॉप्स नावाचा टिंबाएवढा जीव असायचा आणि त्याच्या पोटात नारूची अळी. पाणी पोटात गेलं, की साधारण वर्षभराने पायातून हातभर दोरा बाहेर! आपल्या देशात नारूचा शेवटचा रुग्ण 1996 मध्ये राजस्थानात सापडला आणि 2000 साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र दिलं. फडक्याने केलेली ही केवढी मोठी कामगिरी!

तर मैत्रिणींनो, ज्याला आपण जन्मभर गाळून फेकलं, त्या सायक्लॉप्सच्या खाऱ्या पाण्यातल्या चुलत भावंडांना मी लेकीकडे सॅन डिएगोला सहा महिने पोसून आले. तेही लोणच्याच्या बरणीत.

या कुळाला कोपेपॉड म्हणतात. कोळंबी, खेकडे यांचेच हे नातेवाईक, पण आकार जेमतेम एक मिलिमीटर. समुद्रात यांची संख्या अफाट. सूक्ष्म हिरवं शेवाळ हे खातात आणि यांना माशांची पिल्लं खातात. आपला बांगडासुद्धा यांच्यावरच पोसला जातो. म्हणजे बांगड्याची आमटी करताना आपण हिशेबाने कोपेपॉडच रांधत असतो!

जावयाला प्रवाळाच्या टाकीचा भारी षौक. हॉलमध्ये पाऊणशे गॅलनची, म्हणजे जवळजवळ 284 लिटरची काचेची पेटी. त्यात खडक, त्यावर रंगीत प्रवाळ. खारं पाणी घरीच बनवायचं, गाळून शुद्ध केलेल्या पाण्यात लिटरला साधारण 35 ग्रॅम मीठ. (खास समुद्री मीठ बरं का, स्वयंपाकाचं नव्हे.) नळाचं पाणी चालत नाही, क्लोरीनने सगळं मरतं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मनात आलं, एवढ्या खर्चात आमच्याकडे एक खोली वाढवून झाली असती. पण पोरं दिवसभर कामावर, घरात मी आणि ती पेटी. बघता बघता मीच तिच्यासमोर खुर्ची टाकून बसायला लागले.

त्या पेटीत एक बोटभर मासा होता, मँडरिन. मूळचा जपानच्या दक्षिणेकडच्या बेटांपासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या समुद्रातला. निळ्यावर केशरी नागमोडी रेघा, जशी पैठणीच्या पदरावरची नक्षीच. मोराच्या पिसातला निळा हा प्रकाशाचा खेळ असतो, पण या माशाच्या कातडीत खरंखुरं निळं रंगद्रव्य असतं. प्राणिसृष्टीत ही गोष्ट फार दुर्मीळ. अंगावर खवले नाहीत, नुसता कडवट बुळबुळीत थर, त्यामुळे याला कुणी खायला जात नाही.

हा मासा वाळत चालला होता. पोट आत गेलेलं, डोक्यामागे खळगा. दुकानदाराने विकताना "सगळं खातो" म्हणून सांगितलं होतं. खात कसला! बाकीचे मासे गोठवलेल्या खाण्यावर तुटून पडायचे आणि हा त्याकडे ढुंकून बघायचा नाही. दिवसभर खडकावर टोच टोच करत हिंडायचा. लेक म्हणाली, "आई, तो काही टिकणार नाही गं." आणि साडेचार वर्षांचा नातू रोज सकाळी उठल्याबरोबर विचारायचा, "आजी, तो मेला का?"

हे ऐकून माझ्यातली आई गप्प बसेना. जावयाला म्हटलं, "हा टोचतो काय ते तरी मला दाखवा." त्यांनी भिंग दिलं. खडकाच्या फटीत कोपेपॉड सरपटताना दिसले, पण फारच थोडे. मग उलगडा झाला. मँडरिन जिवंत कोपेपॉडवरच जगतो आणि दिवसभर चरतो. पेटी नवी, जेमतेम चार महिन्यांची. त्यात कोपेपॉडची वस्ती वाढायच्या आतच या एकट्याने ती चरून संपवलेली. जाणकार म्हणतात, पेटी वर्षभर मुरू द्यावी, मगच हा मासा आणावा. लोणचं मुरायच्या आत बरणी उघडली, की जे होतं तेच इथं झालं होतं.

उपाय म्हणजे कोपेपॉड घरी वाढवायचे. तिकडे बाटलीत जिवंत विकत मिळतात. आम्ही टिग्रिओपस नावाचे केशरी-लाल आणले. हा रंग ज्या द्रव्याचा, त्यानेच शिजलेली कोळंबी लाल दिसते. यांचं माहेर तिथलाच किनारा! भरतीच्या रेषेवर खडकात जी डबकी राहतात, त्यात हे जगतात. उन्हाने डबकं आटून पाणी खारट होवो, पावसाने गोडसर होवो, हे टिकून राहतात. ला होयाच्या किनाऱ्यावर लेकीने मला अशी डबकी दाखवली. राखीव किनारा असल्याने तिथून काही उचलायला मनाई आहे.

आता कृती सांगते, कारण मला खरी मजा यातच आली. दोन लिटरच्या तीन काचेच्या बरण्या घेतल्या. साबण अजिबात नाही, नुसत्या कढत पाण्याने धुतल्या. त्यात पेटीइतकंच खारं पाणी, वर पातळ नळीने हवेचे मोठे मोठे बुडबुडे, सेकंदाला दोन-तीन. बारीक बुडबुडे नकोत, ते या जिवांच्या अंगाखाली अडकतात. मग बाटलीतलं विरजण तिन्हीत वाटून घातलं. खाणं म्हणजे हिरवं सूक्ष्म शेवाळ, तेही बाटलीत मिळतं. किती घालायचं? कोथिंबिरीची चटणी वाटल्यावर मिक्सरचं भांडं विसळलं, की जसं पाणी दिसतं, तेवढा पोपटी रंग. दोन-तीन दिवसांत पाणी पारदर्शक झालं, की परत घालायचं. हिरवं असेल तर हात लावायचा नाही.

पाण्याच्या पातळीवर चिकटपट्टी लावून ठेवली. पाणी उडालं, की भर घालायची ती गोड्या शुद्ध पाण्याची, कारण मीठ काही उडून जात नाही. गृहिणीला हे सांगावं लागत नाही, आमटी आटली की खारट होते, आपल्याला ठाऊक असतं.

दोन आठवड्यांनी भिंगातून पाहिलं, तर माद्यांच्या शेपटाशी अंड्यांची पिशवी! अंड्यातून निघालेलं पिल्लू आईसारखं दिसतच नाही, अकरा वेळा अवस्था बदलल्यावर ते मोठं होतं. नर तर भलताच धोरणी, वयात न आलेल्या मादीलाच आधी धरून बसतो. (तिकडेही बालविवाह, म्हटलं!)

मध्येच एक बरणी गेली. नातवाला त्यांची दया आली आणि त्याने शेवाळाची अर्धी बाटली एकीत ओतली. दुसऱ्या दिवशी कुबट वास आणि सगळे तळाशी. उरलेल्या दोन बरण्यांमुळे वाचलो. एकाच भांड्यात विरजण ठेवू नये, हे आपल्या घरचं शहाणपण तिथंही लागू पडलं.

महिनाभराने काढणी सुरू केली. चौथा हिस्सा पाणी अगदी बारीक जाळीतून गाळायचं, जाळीवर लाल सर उरते, ती रात्री दिवे आणि पंप बंद करून खडकाजवळ सोडायची. उजेडात सोडली तर बाकीचे मासे वाटेतच फस्त करतात. जावयाने पेटीखालच्या टाकीतही एक कप्पा केला. त्यात गुंतवळासारखं हिरवं शेवाळ, वर रात्रीचा दिवा. तिथं मासे पोचत नाहीत, म्हणून कोपेपॉड निवांत वाढतात आणि पाण्याबरोबर थोडे थोडे वर जातात. शिवाय खडकावरचं शेवाळ नि उरलंसुरलं खाणं खाऊन ते पेटीही साफ ठेवतात.

दोन महिन्यांनी मँडरिनच्या डोक्यामागचा खळगा भरला. पोटाला गोलाई आली. लेकीच्या बाळंतपणानंतर मी तिचं वजन बघायचे ना, तशीच रोज बघत होते.

तरीही माझं मत विचाराल तर हा मासा समुद्रातच बरा. हल्ली टाकीत जन्मलेले मँडरिनही मिळतात, घ्यायचाच तर तो घ्यावा. आणि कोकणातल्या मैत्रिणींनी हे वाचून मालवणच्या समुद्रातून प्रवाळ आणायचा विचारही करू नये. आपल्याकडे 2001 पासून खडक बनवणाऱ्या प्रवाळांना वन्यजीव कायद्याचं वाघाइतकंच संरक्षण आहे. जिवंत असो वा मेलेला, तुकडा उचलणं गुन्हा आहे.

परवा जावयांचा फोन आला होता. मँडरिनला जोडीदारीण आणायचं घाटतंय. मी विचारलं, "बरण्या किती आहेत?" तीन, म्हणाले. "मग सहा करा, आणि चार महिने थांबा," म्हटलं.